कमी पैशात घराची डागडुजी: मराठवाड्यातल्या घरांसाठी, हंगाम धरून

दिवाळीआधी भिंतींना पुट्टी आणि भारीतला रंग, आणि पुढच्या श्रावणात त्याच भिंतीवर ओलीचे डाग आणि पोपडे. लातूर, बीड, परभणी, नांदेड कुठेही जा, हे चित्र ओळखीचं आहे. खर्च कमी केला म्हणून असं होत नाही. बहुतेक वेळा भिंतीत पाणी कुठून शिरतंय हे न पाहताच रंगाचे डबे आणलेले असतात. छतातून आणि पायाशी मुरणारं पाणी जोवर थांबत नाही, तोवर वरच्या रंगावर घातलेला प्रत्येक रुपया वाया जातो.

आपल्या भागात घरावर खर्च करताना माझा क्रम ठरलेला आहे: आधी पाणी, मग ऊन, मग वीज, आणि शोभा सगळ्यात शेवटी. हाताशी वीस हजार असोत की तीन लाख, हा क्रम बदलू नये. पैसे कमी असतील तर पहिल्या दोन कामांवरच थांबावं. रंग न दिलेलं पण कोरडं आणि थंड घर राहायला चांगलं असतं.

काम कोणत्या महिन्यात करायचं

हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, पण आपल्याकडे खर्चाचा मोठा भाग त्यावरच ठरतो. सिमेंटचं काम पाणी मागतं. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तेवढी वेळ दर वर्षी येत नाही, पण एप्रिल-मेमध्ये टँकर विकत घेणारी गावं आणि वसाहती भरपूर आहेत. अशा दिवसांत प्लास्टर केलं की पाणी मारायला हात आखडतो. मग प्लास्टर कोरडं पडतं, बोटाने घासलं तर भुगा येतो, आणि दोन वर्षांत त्याला जाळीसारख्या भेगा पडतात.

काँक्रिटला पाणी किती दिवस मारायचं, याचे भारतीय मानकात आकडे आहेत. साध्या (ओपीसी) सिमेंटला किमान ७ दिवस, कोरड्या आणि उष्ण हवेत किमान १०. आज दुकानात जास्त करून मिळणाऱ्या पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला साधारण हवेत १० आणि उन्हाळ्यासारख्या हवेत १४ दिवस. प्लास्टरलाही आठवडाभर ओल हवीच.

म्हणून प्लास्टर, कोबा, फरशी, पाण्याची टाकी, ओटा ही कामं दसरा ते संक्रांत या काळात उरका. विहिरी-बोअरला पाणी असतं, ऊन मवाळ असतं, आणि सोयाबीन निघालेलं असल्यामुळे बऱ्याच घरांत थोडे पैसेही आलेले असतात. मात्र ऊसतोडीला माणसं बाहेर पडायच्या आत बिगारी ठरवून ठेवा. बीड, धाराशिवकडे नंतर मजूर मिळणं अवघड होतं.

छताचं वॉटरप्रूफिंग आणि पांढरा लेप फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये करा. त्याआधी छतात मुरलेली ओल पूर्ण वाळलेली असावी लागते. मेपर्यंत थांबू नका, कारण अवकाळी पाऊस अर्धवट कोटिंग धुऊन नेतो.

आणि पावसाळा? पावसाळ्यात घराची पाहणी करायची. ते काम फुकट आहे आणि त्याची जागा दुसरं कोणतंही काम घेऊ शकत नाही. गळती दिसली की छताखाली पेन्सिलीने त्या डागाची कड आखा, शेजारी तारीख लिहा, मोबाइलवर फोटो काढा. डाग कोणत्या बाजूला वाढतो, किती पावसानंतर दिसतो, पाऊस थांबल्यावर किती दिवसांनी वाळतो, हे सगळं टिपून ठेवा. फेब्रुवारीत येणारा गवंडी कोरड्या छतावर अंदाजाने बोट ठेवतो. तुमच्याकडे त्या जागेची नोंद असते.

वही घेऊन घर फिरा

एका सकाळी वही, टेप आणि टॉर्च घेऊन घराभोवती फिरा, मग आत, मग छतावर. प्रत्येक भेगेची जागा, लांबी आणि दिशा लिहा.

प्लास्टरच्या केसासारख्या बारीक भेगांना घाबरायचं कारण नाही. बीम आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथली सरळ आडवी भेग दोन वेगळ्या वस्तू वेगवेगळ्या तापल्यामुळे पडते. तिथलं प्लास्टर सहा इंचांच्या पट्टीत काढा, चिकन जाळी ठोका आणि पुन्हा प्लास्टर करा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग मात्र गंभीरपणे घ्या. विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारी किंवा भिंतीच्या आरपार दिसणारी भेगही तशीच. घर कुठेतरी खचतंय, असं ती सांगत असते.

भेग थांबलेली आहे की वाढतेय, हे ओळखायची जुनी आणि खात्रीची पद्धत आहे. काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवायची, तिची दोन्ही टोकं सिमेंटने किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसने भिंतीला पक्की करायची आणि शेजारी तारीख लिहायची. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही जाऊ द्या. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे. तशा भिंतीवर पुट्टी भरणं म्हणजे पैसे मातीत घालणं. तिथे आधी इंजिनिअरला बोलवा.

आपल्याकडे अशा हालचालीचं सगळ्यात मोठं कारण काळी माती आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तडकते. शेतात हात जाईल अशा भेगा पडतात, त्या आपण पाहतोच. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर घराखालीही हेच चालतं. त्यामुळे काही भेगा मेमध्ये रुंदावतात आणि सप्टेंबरमध्ये जवळपास मिटतात.

पाया बदलणं आपल्या बजेटात बसत नाही. पायाभोवतीची ओल वर्षभर सारखी ठेवणं मात्र बसतं. घराच्या चारी बाजूंनी भिंतीला लागून किमान तीन फूट रुंदीची पट्टी करा. वरची काळी माती वीतभर काढा, मुरूम भरून धुमसाने ठोका, त्यावर शहाबादी फरशी किंवा कोबा घाला. उतार बाहेरच्या बाजूला द्या, तीन फुटांत दीड इंच तरी. पट्टी आणि भिंत यांच्यातला सांधा नीट भरा, नाहीतर पाणी तिथूनच खाली जातं. छताच्या पन्हाळीचं आणि न्हाणीचं पाणी पाइपने पायापासून दूर न्या. भिंतीला लागून आळं करून झाडांना पाणी घालत असाल तर ते बंद करा. पिंपळ, वड, उंबराचं रोप भिंतीत दिसलं की मुळासकट काढा. एवढ्या खर्चात घराचं आयुष्य वाढवणारं दुसरं काम मला माहीत नाही.

माळवदाचं घर असेल तर

लातूर, धाराशिव, बीड, नांदेडच्या गावांत अजून माळवदाची घरं उभी आहेत. रुंद दगडी भिंती, लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. ही घरं उन्हाळ्यात इतकी थंड राहतात की ती पाडून पत्र्याची खोली बांधणाऱ्यांना मे महिन्यात पश्चात्ताप होतो. पण त्यांचं दुखणंही आपल्याला चांगलं माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसं याच भिंती आणि याच मातीखाली गेली. भिंत बाहेरून एक दिसते, पण आत दगडांचे दोन वेगळे पदर असतात आणि मधे खांडक्यांची नि मातीची भर. हादरा बसला की पदर सुटे होतात, भिंत फुगून पडते आणि छताचं सगळं ओझं खाली येतं.

म्हणून माळवदाच्या बाबतीत दोन नियम कडक पाळा. एक, गळतं म्हणून दर वर्षी वरून माती टाकत जाऊ नका. पिढ्यान्‌पिढ्या थर चढत गेलेला असतो. जुनी माती उतरवून थर कमी करा, मधे जाड प्लास्टिकचा कागद अंथरा आणि वर पांढऱ्या मातीचा पातळ थर देऊन उतार काढा. वजन घटतं, गळतीही थांबते. माती उतरवण्याआधी तुळयांना खालून टेकू द्या आणि माती सगळीकडून सारखी काढत जा, एका बाजूची सगळी आधी नको. दोन, भिंतीला पोट आलेलं दिसलं, म्हणजे दोरी धरून पाहिल्यावर मधला भाग बाहेर आलेला दिसला, तर हे घरच्या घरी करायचं काम नाही.

भिंतीचे दोन पदर बांधून ठेवण्यासाठी आरपार जाणारे लांब दगड लागतात. नव्या दगडी बांधकामात ते उंचीला दर दोन फुटांवर आणि आडवे दर चार फुटांच्या आत असावेत, असा नियम आहे. जुन्या भिंतीत जपून आरपार भोक पाडून, त्यात सळई घालून, काँक्रिट भरून तेच काम साधता येतं. यावर झालेला खर्च रंगकामासारखा दिसत नाही, पण दगडी घरात पहिला पैसा इथेच जायला हवा.

माती-दगडाच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करू नका, हेही इथेच सांगतो. आतली ओल बाहेर पडू शकत नाही. ती आतच कोंडते आणि प्लास्टरचे पापुद्रे सुटतात. चुन्याचं प्लास्टर करणारा जुना गवंडी शोधा. ढाळजेतल्या तुळया, जुने दरवाजे, कोनाडे यांना तैलरंग फासू नका. वाळवी आहे का ते आधी पाहा: लाकडावर टकटक करा, पोकळ आवाज आला तर टोकदार तारेने टोचून बघा. निरोगी लाकूड पॉलिश पेपरने घासून त्याला जवसाच्या तेलाचे दोन हात दिले की पुरतं. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्या पसरून वाळवा.

स्लॅबची गळती स्वतः काढणं

हे काम दोन माणसं चार-पाच सुट्ट्यांत नीट करू शकतात. पण आधी खालून स्लॅब बघा. काँक्रिटचे पोपडे पडून गंजलेल्या सळया दिसत असतील तर वरून काहीही लावून उपयोग नाही. आधी जाणकार इंजिनिअर, मग बाकी सगळं. सळया दिसत नसतील, फक्त ओल आणि डाग असतील, तर पुढे जा.

१. छत रिकामं करा. जुनी लाकडं, कुंड्या, फुटके माठ सगळं खाली आणा. तारेच्या ब्रशने शेवाळ आणि सुटलेला थर खरवडा, झाडून काढा, मग धुवा. पाणी कमी असेल तर ओल्या पोत्याने पुसलं तरी चालेल, पण धूळ राहता कामा नये. लेप सुटून येण्याचं पहिलं कारण धूळच असतं.

२. उतार तपासा. बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे साचतं ते खडूने आखा. पन्हाळीकडे दर दहा फुटांना सव्वा इंच तरी उतार हवा. खड्डे असतील तिथेच तेवढा मसाला भरून उतार जुळवा. अख्ख्या छतावर नवा कोबा टाकू नका. एका जुन्या कोब्यावर दुसरा, त्यावर तिसरा अशी छतं मी पाहिली आहेत. त्या वजनासाठी स्लॅब बांधलेलाच नसतो.

३. भेगा उघडा. छन्नीने प्रत्येक भेग इंग्रजी व्ही अक्षरासारखी, साधारण बोटाच्या अर्ध्या रुंदीएवढी कापा. आतली धूळ ब्रशने काढा. एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली रेती आणि पाण्यात मिसळलेलं वॉटरप्रूफिंग लेटेक्स (डब्यावर प्रमाण असतं) असा मसाला दाबून भरा. नुसतं सिमेंट ओतलं तर ते आक्रसतं आणि भेग पुन्हा उघडते.

४. कठड्याचा कोपरा. बरीचशी गळती स्लॅबच्या मधून येत नाही, ती कठडा आणि स्लॅब मिळतात त्या सांध्यातून येते. तिथे त्याच मसाल्याने वाटा मारा, म्हणजे काटकोन भरून कोपरा गोल करा. पाण्याच्या पाइपांच्या बुडाशी आणि पन्हाळीच्या तोंडाशीही तसंच करा.

५. लेप. मसाला ओला ठेवून पक्का होऊ द्या. मग कोटिंगचा पहिला हात एका दिशेने, तो ओला असतानाच भेगांवर आणि वाट्यावर फायबरची जाळी दाबून बसवा. वाळल्यावर दुसरा हात आडव्या दिशेने. वाट्यावरून कठड्यावर एक फूट तरी चढवा. काही कोटिंग ओलसर पृष्ठभागावर मारायची असतात, काही पूर्ण कोरड्यावर. डबा उघडण्याआधी ते वाचा. मार्चच्या दुपारी काम करू नका. तापलेल्या स्लॅबवर लेप लावताच सुकतो आणि धरत नाही. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर करा.

शेवटचा हात पांढरा घ्या. गळती आणि ऊन यांचा खर्च एकाच डब्यात भागतो.

पुढेमागे सौर पॅनल बसवायचा विचार असेल तर हे सगळं त्याआधी करा. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार रुपये आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे, त्यामुळे बरेच जण पॅनल घेत आहेत. पण एकदा त्याचा सांगाडा बसला की त्याखालची गळती शोधणं फार अवघड जातं.

पत्र्याची खोली

पत्रा गळतो तो जवळजवळ नेहमी स्क्रूच्या भोकातून. स्क्रूखालचा रबरी वायसर उन्हाने तडकतो. वायसर आणि गंजलेले स्क्रू बदला, जोडावर डांबरी चिकटपट्टी लावा. पत्र्यावर दगड ठेवून भागवू नका. अवकाळीच्या वाऱ्यात पत्रा उडतो आणि दगडही खाली येतात. पत्रा लोखंडी पाइपला आणि पाइप भिंतीला पक्का बांधलेला असला पाहिजे. कडेच्या ओळीला आतल्यापेक्षा दाट स्क्रू मारा, कारण वारा कडेखाली शिरून उचलतो. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते कोरडे कापू, घासू किंवा फोडू नका. त्यांच्या धुळीतलं ॲस्बेस्टॉस फुफ्फुसाला घातक आहे.

उष्णतेसाठी वरून पांढरा रंग आणि खालून छत, दोन्ही हवं. बांबूच्या तट्ट्या, पीव्हीसी पट्ट्या, जे परवडेल ते लावा. पण पत्रा आणि आतलं छत यांच्यात फूटभर जागा ठेवा आणि दोन्ही टोकांना जाळीची भोकं ठेवून तिथली गरम हवा बाहेर जाऊ द्या. कडबा किंवा पाचट पत्र्यावर टाकत असाल तर वायरिंग आणि चुलीपासून दूर ठेवा.

ऊन अडवणं

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३च्या पुढे जातो. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. म्हणून रात्री पंख्याखालीही झोप लागत नाही. ही उष्णता घरात आल्यावर बाहेर काढण्यापेक्षा स्लॅबवरच अडवणं स्वस्त पडतं.

सगळ्यात स्वस्त उपाय चुन्याचा. कळीचा चुना लोखंडी पिंपात पाण्यात विझवा. नेहमी आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडाथोडा टाका, कारण तो उकळतो. प्लास्टिकचं पिंप त्या उष्णतेने वितळू शकतं. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, मुलं लांब. रात्रभर मुरू द्या, गाळा, त्यात थोडं पांढरं सिमेंट आणि डिंक किंवा फेव्हिकॉल मिसळा. छत ओलं करून झाडूने दोन पातळ हात द्या. पावसाळ्यात हा थर बराचसा धुऊन जातो, म्हणून दर वर्षी गुढीपाडव्याच्या आसपास पुन्हा द्यावा लागतो. दर वर्षी ते होणार नसेल तर छतासाठीचा पांढरा ॲक्रिलिक रंग घ्या. तो महाग आहे, पण काही वर्षं टिकतो. टाइल्सच्या दुकानात फुटक्या पांढऱ्या टाइल्स स्वस्तात मिळतात. त्यांचे तुकडे बसवलेलं छत सगळ्यात जास्त टिकतं, मात्र त्याचं वजन स्लॅबला झेपेल का, हे आधी विचारा.

छतानंतर पश्चिमेची भिंत. दुपारी तीनपासून सहापर्यंत सगळं ऊन तिच्यावर असतं. शेतीच्या दुकानात मिळणारी ७५ टक्क्यांची शेडनेट लोखंडी पट्टीवर ताणून भिंतीपासून फूटभर अंतरावर लावा. भिंतीला चिकटवली तर मधली हवा खेळत नाही. खिडकीला बाहेरून सावली द्या. आतल्या पडद्यापर्यंत ऊन आलं म्हणजे ते घरात आलंच.

कूलर आपल्या हवेत उत्तम चालतो, कारण एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते. पण समोरची खिडकी थोडी उघडी ठेवली तरच. बंद खोलीत तो फक्त दमट हवा फिरवत राहतो. कूलर खिडकीबाहेर, सावलीत ठेवा. क्षारांच्या पाण्याने गवतावर पांढरा थर जमतो, म्हणून आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करा.

पंख्यांचा हिशेबही करून पाहा. जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३०च्या आसपास. चार पंखे रोज १२ तास चालले तर दिवसाला दोन युनिटपेक्षा जास्त आणि महिन्याला साधारण ६५ युनिट वाचतात. चारही एकदम बदलू नका, सगळ्यात जास्त चालणारा आधी.

छतावरचं पाणी

एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५०० चौरस फुटांचं छत म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. ७०० मिलिमीटर पावसाचं वर्ष धरलं आणि वाया जाणारं सोडलं, तर सुमारे २५ हजार लिटर हाती येतं. पाऊस ४०० मिलिमीटरवर अडकला तरी साडेचौदा हजार. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज ३० लिटर लागतं असं धरा. मग ५ हजार लिटरची एकच टाकी साडेपाच महिने पुरते.

सगळ्या पन्हाळ्या ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपला जोडा. पाइपला खाली एक टोपण लावलेलं तोंड ठेवा. पहिल्या दोन-तीन पावसांचं धुळीचं, पक्ष्यांच्या विष्ठेचं पाणी तिथून सोडून द्यायचं. नंतरचं पाणी खडी, जाड रेती आणि कोळसा भरलेल्या पिंपातून टाकीत. पिण्यासाठी ते उकळून घ्या. छताला त्याच वर्षी रासायनिक लेप दिला असेल तर त्या हंगामात हे पाणी धुण्या-सांडण्यालाच वापरा. जादा पाणी बोअरमध्ये सोडायचं असेल तर गाळूनच, आणि अंगणातलं गढूळ पाणी कधीच नाही.

छतावरची टाकी कुठे ठेवलीय तेही पाहा. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ते खांबांच्या आणि बीमच्या डोक्यावर हवं, स्लॅबच्या मधोमध नको.

लोणा लागलेली भिंत

खालच्या दोन-तीन फुटांत पांढरी पावडर येते आणि प्लास्टर भुसभुशीत होतं. जमिनीतली ओल क्षार घेऊन वर चढते, पाणी उडून जातं आणि क्षार बाहेर राहतात. त्यावर टाइल्स लावल्या तर ओल टाइल्सच्या वर जाऊन बाहेर पडते, एवढाच फरक. आधी बाहेरची पट्टी आणि उतार करा. मग डाग जिथे संपतो त्याच्या वर एक फुटापर्यंत प्लास्टर काढा, सांधे खरवडा, कोरड्या ब्रशने क्षार झाडा (धुऊ नका, ते पुन्हा आत जातात) आणि भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवा. दिसायला वाईट दिसेल, पाहुणे विचारतील, पण घाई करू नका. प्लास्टर पावसाळ्यानंतर करा आणि तेही गोड्या पाण्यात कालवून. खारं बोअरचं पाणी वापरलं तर तोच क्षार आपण स्वतः भिंतीत भरतो. पाणी खारट लागत असेल तर ते आधी तपासून घ्या. सळयांच्या कामात ते मुळीच नको.

वीज

इथे स्वतःचा हात नको, परवानाधारक वायरमन हवा. पण काय करून घ्यायचं ते तुम्हाला माहीत हवं: ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (शॉक लागताच वीज तोडणारा स्विच), चालू अर्थिंग, दिव्यांना दीड, प्लगला अडीच आणि गिझर-एसीला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लहान मुलंही जातात. आरसीसीबीची किंमत एका चांगल्या रंगाच्या डब्याएवढीही नसते. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेलाच असला पाहिजे.

फरशी आणि रंग

शहाबादी फरशी जुनी दिसते म्हणून ती झाकून वर टाइल्स लावायची रीत पडली आहे. मला ते पटत नाही. शहाबादी थंड असते, मजबूत असते, आणि घासून, सांधे नव्याने भरून, पॉलिश करून घेतली तर टाइल्सपेक्षा बऱ्याच कमी खर्चात सुंदर दिसते. शिवाय टाइल्समुळे जमीन वर येते आणि दरवाजे खालून कापावे लागतात.

रंग घरच्या माणसांनी द्यावा. मजुरी वाचते आणि काम अवघड नाही. खरवडा, पॉलिश पेपर मारा, लांबी (पुट्टी) फक्त खड्ड्यांना भरा, प्रायमर एक हात, रंग दोन हात. मोजमाप असं: १० बाय १२ची, १० फूट उंचीची खोली म्हणजे भिंती ४४० चौरस फूट, दार-खिडक्या वजा केल्या तर ३९० धरा. डब्यावर दोन हातांना लिटरमागे किती चौरस फूट लिहिलंय त्याने भागा. ६० लिहिलं असेल तर साडेसहा लिटर.

गुत्ता की रोजाने

ज्याचं मोजमाप आधी करता येतं ते काम गुत्त्यावर (ठेक्याने) द्या: प्लास्टर, फरशी, रंग. जुनं उकरून बघितल्याशिवाय ज्याचा अंदाज येत नाही ते रोजाने: गळती, लोणा, जुन्या भिंतीची दुरुस्ती. गळतीचं काम गुत्त्यावर दिलं तर गुत्तेदार लवकर उरकायला बघणार, त्यात त्याचाही दोष नाही. तीन जणांकडून दर घ्या. प्रत्येकाला तुमच्या वहीतलं तेच मोजमाप द्या आणि दर चौरस फुटाचा मागा, ‘अख्ख्या कामाचे इतके’ नको. कागदावर लिहा: सामान कोणाचं, पाणी कोण मारणार, मलबा कोण उचलणार. उचल थोडी द्या. शेवटचे दहा-पंधरा टक्के पाणी मारून झाल्यावर आणि काम पाहून झाल्यावर द्या. भावकीची सामाईक भिंत असेल तर छन्नी लावण्याआधी बोलून घ्या. रंग-प्लास्टरला कोणी विचारत नाही, पण खोली वाढवणार, मजला चढवणार असाल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची परवानगी लागते.

एकूण पैशातले पंधरा टक्के बाजूला ठेवून मगच काम सुरू करा. जुनं घर उकरलं की काहीतरी निघतंच.

सामान घेताना सिमेंटच्या पोत्यावरचा महिना बघा, तीन महिन्यांपेक्षा जुनं घेऊ नका. रेतीची परीक्षा घरी होते. काचेच्या बरणीत निम्मी रेती, त्यावर मीठ घातलेलं पाणी, नीट हलवून तीन तास ठेवा. वर गाळाचा थर बसतो. तो रेतीच्या बाराव्या हिश्श्यापेक्षा जाड असेल तर ती गाडी परत पाठवा. क्रश सँड (दगड भरडून केलेली रेती) घेत असाल तर प्लास्टरसाठीची धुतलेली मागा, नुसती डस्ट चालत नाही.

प्लास्टर करण्याआधी, भिंती उघड्या असतानाच, प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढून ठेवा. पाइप आणि वायर कुठून गेलीय ते त्यात दिसायला हवं. पुढे कधी खिळा ठोकायचा असेल किंवा नळ गळत असेल, तेव्हा अख्खी भिंत फोडावी लागणार नाही. ते फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या फोनवर राहू द्या.